नाव घेण्याआधीची चूळ

या, असे दाराशी का बसलात? चटई लांब आहे, पुढे सरका. आल्याची कॉफी चुलीवर आहे, ती उकळेपर्यंत तुम्हाला एका ओठाची गोष्ट सांगतो. गाणाऱ्या माणसाचा ओठ होता तो, खालचा. ज्या ओठाने जन्मभर प्रेषितांचं नाव घेतलं त्याची गोष्ट ऐकताना जीव थोडा टांगणीला लागला, तरी बसणं वाया जाणार नाही.

आमचं गाव हिल्लत सुनूत, निळ्या नाईलच्या काठी, मदनी शहराच्या सडकेपासून आत. सुदानात असतं तसंच गाव. आमचे शेखबाबा, शेख दफअल्ला, यांच्या आजोबांचा दर्गा आहे, आणि दर शुक्रवारी असरची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज झाली की दर्ग्याच्या अंगणात माणसं फेर धरतात आणि स्तुतिगान सुरू होतं. गाणारे तैफूर, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सित्तनाताईचे, यजमान. मी हसबू, त्यांच्यामागे झील धरणारा. दाजींनी डफावर थाप मारून मदिनेच्या वाटेवरच्या उंटांचं वर्णन सुरू केलं की आमच्या पायांखालची माती त्या वाटेची होऊन जायची. मी पुष्कळ गाणारे ऐकलेत. काहींचा गळा दाजींपेक्षा गोड होता, खोटं कशाला सांगू. पण दाजी प्रेषितांचं नाव घेत तेव्हा वाटायचं, हा माणूस त्यांना आत्ताच कुठेतरी भेटून आलाय आणि निरोप सांगतोय.

आता तुंबाकचं सांगतो, त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. फाशर शहराकडून आलेली तंबाखूची पानं बारीक कुटून, त्यात खाराचं पाणी घालून अब्बकर दुकानदार ती हाताने मळतो आणि झाकून मुरवतो. ओलसर, उग्र, नाकात चढणारा माल. चिमूट घ्यायची, बोटांत गोळी वळायची आणि खालच्या ओठाच्या आत बार भरायचा. आमच्याकडे पाहुण्यासमोर पाण्याच्या आधी डबी येते. शेतात बार, नावेवर बार, मयताला बार, लग्नाला बार. दाजींचा तर गावात प्रसिद्ध. लांबून येताना दिसले तरी ओठाच्या फुगवट्यावरून पोरं ओळखायची. मीही भरायचो, सगळेच भरायचे, खुद्द शेखबाबासुद्धा.

बंधन एकच होतं. प्रेषितांचं नाव घ्यायच्या आधी तोंड स्वच्छ हवं. फेर धरण्यापूर्वी प्रत्येक गाणारा दर्ग्याच्या भिंतीशी रांजणाजवळ जायचा, बार थुंकायचा, खळखळून चूळ भरायचा आणि मगच डफाला हात लावायचा. ही शिस्त शेखबाबांच्या आजोबांपासूनची. तिच्यावर कुणी नजर ठेवत नसे, कारण ती कुणी मोडतच नसे.

त्या वर्षी कापसाची वेचणी उरकत आली होती. नूरैनने मला बाजारात गाठलं. नूरैन आमच्यातलाच, डफ विस्तवावर शेकून ताणणारा. डफापेक्षा त्याची जीभच जास्त तापलेली असते.

"काय रे हसबू, तुझ्या दाजींना हल्ली कुणाची भीती उरली नाही का?"

"का, काय झालं?"

"काय झालं म्हणे. तू मागे असतोस, तुला पाठ दिसते. आम्ही समोर असतो. ओठात बार ठेवून नाव घेतात ते."

"चूळ भरून आले होते की. मी स्वतः बघितलं."

"भरली असेल चूळ. बार ठेवून भरली. म्हातारपणी लाज सुटते आणि डबी सुटत नाही असं काही असतं का, तेवढं विचार त्यांना. घरचा माणूस आहेस."

मला राग आला, पण पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम बाजूला सरकून उभा राहिलो. दाजी रांजणाशी गेले, सगळ्यांकडे पाठ केली, चूळ भरली, परत आले. ओठ फुगलेलाच होता. थाप पडली, उंट निघाले, आवाज तोच. मग नाव आलं. त्या नावात ओठाला ओठ लागावा लागतो, त्याशिवाय ते उमटतच नाही. दाजींचे ओठ लागले आणि झटकन सुटले, तापल्या तव्याला बोट लागावं तसे. फेरातली माणसं एकमेकांकडे बघत होती. मी झील धरली, पण माझा श्वास निम्म्यावर संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेलो. ताई अंगणात असीदा, म्हणजे पिठाची घट्ट उकड, घोटत होती, दाजी खाटेवर लवंडले होते. मला बघताच ताईने पळी बाजूला ठेवली. साक्षीदाराची वाट बघत असावी तशी.

"बरं झालं आलास. तुझ्यासमोरच विचारते. अहो, डबी कुठंय तुमची?"

"असेल खिशात."

"खिशात नाही, उशीखाली आहे. आतला तुंबाक वाळून खडे झालेत."

"आता माझ्या डबीवर पाळत ठेवतेस होय?"

"पाळत कशाला ठेवू? इतकी वर्षं आपल्या अंगणातल्या रांजणामागची भिंत खरवडतेय मी. तुम्ही थुंकायचं, मी राख टाकून झाडायचं. ती भिंत कोरडी आहे. डबी वाळलेली, भिंत कोरडी, तिखट नको, किसऱ्याची भाकरी चावत नाही, नुसता असीदा गिळता. मग त्या ओठात आहे काय?"

दाजी माझ्याकडे बघून हसायला गेले. "बघ मेव्हण्या, तुझी बहीण. हिला पोलिसात घालायला हवी होती."

ताई हसली नाही. मीही नाही. चुलीवरचा असीदा बुडबुडत होता. शेवटी दाजी उठून बसले आणि त्यांनी दोन बोटांनी ओठ खाली ओढला.

जिथे जन्मभर बार बसायचा तिथली कातडी पांढुरकी आणि सुरकुतलेली होती, भिजून वाळलेल्या चामड्यासारखी. तिच्या मधोमध खरबरीत मांस वर आलं होतं, कडा उचललेल्या, आत खड्डा. वास आला. ताईने पदर नाकाला लावला नाही. वाकून, जवळून, पुरतं बघितलं.

"दुखतं?"

"आधी दुखत नव्हतं. म्हणूनच तर राहिलं. वाटलं, तोंड आलंय. दात दुखतो म्हणून शेखबाबांकडून पाटीवर कुराणातली आयत लिहून घेतली, ती धुतलेलं पाणी तोंडात धरायचो. बरं वाटायचं. मग परत बार भरायचो. एक दिवस बार बसेचना. जागाच उरली नव्हती."

मग बाकीचंही बाहेर आलं. डफाचं कातडं आणायला म्हणून मदनीला गेले होते, ते कातड्यासाठी नव्हतंच. तिथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी ओठाचा तुकडा काढून तपासला होता. कर्करोग.

"बाई म्हणाल्या, खालचा ओठ जाईल, जबड्याचं थोडं हाड जाईल. वेळेत आलात तर माणूस राहील. गळ्यात उतरलं तर मग त्यांच्याही हातात फार काही नाही."

"मग इथे काय करताय?" ताई म्हणाली.

"उरूस होऊ दे."

"अहो..."

"ओठ गेल्यावर नाव कसं घेऊ मी, सित्तना? सांग ना, कसं घेऊ? उरुसाला दर्ग्यासमोर एकदा पोटभर गातो. मग कापू देत काय कापायचं ते."

ताई ताडकन उठली. "मी आत्ताच शेखबाबांकडे जाते."

तेव्हा दाजी खाटेवरून उतरले आणि त्यांनी तलाकची शपथ घातली. आमच्याकडे पुरुष ही शपथ पाहुण्याला जेवायला थांबवतानासुद्धा घालतात, इतकी ती स्वस्त झालीय. अमका जेवल्याशिवाय गेला तर माझ्या बायकोला तलाक, आणि बिचारा पाहुणा भरल्या पोटी पुन्हा बसतो. पण दाजींनी जन्मात ती कधी तोंडातून काढली नव्हती. म्हणूनच आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो.

"ही गोष्ट उरुसाआधी तुझ्या किंवा हसबूच्या तोंडून कुणालाही कळली, तर तुला तलाक."

चुलीवरचा असीदा करपला.

उरूस फार लांब नव्हता, म्हणून मी स्वतःची समजूत घालत राहिलो. गाऊ दे एकदा, मग मीच खांद्यावर घालून नेतो. आणि ऐन तोंडावर शेखबाबांचे चुलते वारले. दुखवटा आला. उरूस पुढे गेला, पुढल्या चांद्रमहिन्यावर.

मी धावत दाजींकडे गेलो. "आता तरी चला."

"ठरलंय तसं. उरूस झाल्यावर."

"उरूस पुढे गेला दाजी. ती जखम थांबलीय का त्याच्यासाठी?"

"तू झील धर, हसबू. पुढची ओळ कोणती ते मला ठाऊक आहे."

यापुढे बोलायला मला तोंड नव्हतं. अक्षरशः नव्हतं. मी कुणाजवळ ब्र काढला तर ताईचा संसार मोडणार. नूरैन समोर आला की मी रस्ता बदलायचो, कारण आता तो उघड बोलू लागला होता. "आले बारवाले," म्हणायचा, दाजींना ऐकू जाईल असं. बायकांतही कुजबुज होती की तैफूरने अदब सोडली, तुंबाकपुढे त्याला प्रेषितही दिसेनात. ज्या माणसाने नावासाठी जीव पणाला लावला होता, त्याला लोक नावाचा अपमान करणारा ठरवत होते. आणि दाजी ते ऐकून घेत होते. एकदा मला म्हणाले, "बेअदब म्हणोत. आजारी म्हटलं तर डफ काढून घेतील."

ते वाळत चालले होते. पायघोळ जलाबिया खुंटीवर टांगल्यासारखी अंगावर दिसायची. ओठ तेवढा भरलेला.

एका सकाळी ताई माझ्या दाराशी आली. आत आली नाही.

"काल त्यांच्या डोक्याला तेल लावत होते. जबड्याखाली बोट गेलं. वाटाण्याएवढं काहीतरी आहे, कडक. त्यांना बोलले नाही मी."

"ताई, आता मी सांगतो शेखबाबांना. होऊ दे काय व्हायचं ते."

"आणि मला तलाक पडला की मी कुठे जाऊ, तुझ्या बायकोच्या चुलीपाशी? या वयात? भीती वाटते मला, हसबू, नाही कशाला म्हणू. पण त्याहून दुसरंच वाटतं. ते शब्दाचे पक्के आहेत. तो शब्द आपण मोडला तर ओठ जाऊन जगले तरी रिकाम्या घरात जगतील. मला दोन्ही हवंय. माणूसही आणि घरही."

"ते कसं जमायचं?"

"आजाराबद्दल बोलायचं नाही अशी शपथ आहे," ती म्हणाली. "चुळीबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही."

मी तिच्यासोबत शेखबाबांच्या अंगणापर्यंत गेलो. शेखबाबा सावलीत घोंगडीवर बसले होते, हातात माळ. ताई अंगाभोवती गुंडाळलेल्या तोबचा पदर पुढे ओढून लांब बसली.

"एक मागणं आहे, शेखबाबा. कारण विचारायचं नाही."

"बोल, लेकी."

"गावात लोक काय बोलतात ते तुमच्या कानावर असेलच."

"तैफूरचं? आलंय. मला पटत नाही."

"मग उरुसाच्या दिवशी रांजणाशी तुम्ही स्वतः उभे राहा. गाणाऱ्यांना तुमच्या हाताने पाणी द्या, आणि तोंड उघडायला लावून ओठाच्या आत बघा. सगळ्यांच्या. एकालाही सोडू नका."

शेखबाबांची माळ थांबली. "चारचौघांत तुझ्याच नवऱ्याचं तोंड उघडायला सांगतेयस. त्याला काय वाटेल?"

"वाटू दे."

"आणि बघून मी काय करू?"

"ते तुमचं तुम्हाला कळेल."

 शेखबाबांच्याही ओठात बार होता. मग त्यांनी मान हलवली, आणि ती होकाराची होती की दुःखाची हे मला परत येताना समजेना.

उरुसाला नदीपलीकडून नावा भरभरून माणसं आली. हिरवी निशाणं, डफ शेकायचा धूर, उकळत्या मांसाचा वास. असर झाली. अंगणात फेर उभा राहिला, आणि शेखबाबा चालत जाऊन रांजणाशी उभे राहिले. हातात पाण्याची तुंबडी.

"आज पाणी मी देणार," ते म्हणाले. "एकेकानं यायचं. चूळ भरायची, आणि मला तोंड दाखवायचं."

लोकांत खसखस पिकली. नूरैन सगळ्यांत पुढे झाला, चूळ भरली, मोठा आ केला. "बघा शेखबाबा, दात कमी आहेत, पाप त्याहून कमी." शेखबाबांनी त्याचा ओठ अंगठ्याने खाली दाबला, बघितलं, जा म्हणाले. मग एकेक जण. माझ्यामागे दाजी होते. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

"हसबू," ते हळूच म्हणाले. "ती बोलली?"

"नाही, दाजी. शपथेवर सांगतो, नाही."

माझी पाळी आली. पाण्याची चव मला लागली नाही. मी बाजूला झालो, पण फेरात गेलो नाही, तिथेच थांबलो. बायका भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. ताई सगळ्यांत पुढे, पदर दातात धरून.

दाजींनी पाणी घेतलं. पाठ फिरवायला गेले.

"तिकडे नाही. माझ्याकडे बघून," शेखबाबा म्हणाले.

दाजींनी चूळ भरली. पाण्यात लाल धागा उतरला, पण मातीने तो लगेच पिऊन टाकला. ओठ तसाच फुगलेला. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, अजून आहे."

"तैफूर," शेखबाबा म्हणाले, "थुंक."

"शेखबाबा, गाऊन झाल्यावर..."

"नावाआधी. माझ्या आजोबांच्या दारात आहेस. थुंक."

 सगळं अंगण बघत होतं. मग दाजी म्हणाले, "थुंकता येत नाही, बाबा." आणि त्यांनी स्वतःच ओठ खाली ओढला.

शेखबाबा वाकले. मी त्यांचा चेहरा बघत होतो. आधी त्यावर काहीच नव्हतं, मग तो म्हातारा झाला. जबड्याखाली त्यांनी बोटं फिरवली, एका जागी थांबली. महिनोन्‌महिने त्यांनी ज्या दातासाठी पाटी लिहून दिली होती, तो दात त्यांनी एकदाही बघितला नव्हता. ते वळले, भिंतीकडे तोंड केलं, बोट घालून स्वतःच्या ओठातला बार काढला आणि राखेत टाकला. मग चूळ भरली. पुन्हा भरली.

"कुणाला ठाऊक आहे?"

"मदनीच्या डॉक्टरीणबाईंना," दाजी म्हणाले. "आज एवढं एक गाऊ द्या. फक्त आज. मग मी जातोच आहे."

"गाडी काढा," शेखबाबा लोकांकडे बघून म्हणाले.

"शेखबाबा, पाया पडतो. एक गाणं."

"ज्यांचं नाव घ्यायचंय ते थांबतील, तैफूर. ते फार थांबलेत आपल्यासाठी. हे थांबणार नाही."

दाजींच्या हातात डफ होता. तो त्यांनी छातीशी धरला आणि तिथेच मातीत बसले. नूरैन, ज्याने सगळ्यात आधी बोट दाखवलं होतं, तोच पुढे आला.  त्याने दाजींना काखेत हात घालून उठवलं, लहान मुलाला उठवतात तसं.

धान्यवाल्याच्या पिकअपमध्ये मागे आम्ही तिघं बसलो. अंगण लांब गेलं तरी फेराचा आवाज येत होता, मग नुसते डफ, मग तेही नाही. दाजी ताईला म्हणाले, "तू सांगितलंस."

"मी काही सांगितलं नाही. सगळ्यांना चूळ भरायला लावा म्हटलं."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. धुळीत बराच रस्ता गेला. शेवटी ते म्हणाले, "हसबू, हिच्याशी भांडून मी आजवर कधी जिंकलोय का रे?"

"एकदाही नाही."

"मग आजच कसा जिंकणार." आणि त्यांनी ताईच्या पदराचं टोक मुठीत धरलं, ते मदनी येईपर्यंत सोडलं नाही.

बाईंनी ओठ काढला, हाड काढलं, गळ्यातल्या गाठीही काढल्या. जेमतेम वेळेत आलात, म्हणाल्या. ते जेमतेम पुरलं. दाजी जगले. बोलतात, पण ओठ लागत नाही, त्यामुळे निम्मे शब्द वाऱ्यासारखे निसटतात. ताईला सगळे कळायचे. पुढच्या उरुसाला ते तोंडाला उपरणं बांधून फेरात आले. गायलो मी. डफ त्यांनी धरला, आणि जिथे नाव येतं तिथे त्यांनी एक थाप मारली, अशी की अख्ख्या अंगणाने ते नाव घेतलं. अजूनही तसंच चालतं. रांजणाशी शेखबाबा स्वतः उभे राहून ओठ बघतात. अब्बकरचं दुकान सुरूच आहे, नूरैनची डबीही, बार तेवढा त्याने दुसऱ्या बाजूला सरकवलाय. मी सोडलं. अजून हात खिशाकडे जातो.

कॉफी उतू जातेय, घ्या. पण उठण्याआधी एक मागणं आहे. फेर संपताना आम्ही गेलेल्यांची नावं घेतो, शेखांची, गाणाऱ्यांची, झील धरणाऱ्यांची. सगळी पुरुषांची, रीतच तशी. ताई नुकतीच तापात गेली, तिचं नाव तिथे येत नाही. दाजी मात्र घरी एकटे बसलेले असले की तिचं नाव घेतात. तेवढं त्यांना नीट घेता येतं, त्यात ओठ लागत नाही. आज रात्री दुआ मागायला हात पसराल तेव्हा सित्तनाची आठवण ठेवा. कोरडी भिंत बघून जिला कळलं, तिची.